पाव मिलिमीटरची सुई

इस्पितळात तिला सगळे वाफवाली म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, तोंडावर ‘बाई’. पण तिला ठाऊक होतं, आणि वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं, कारण तिचं कामच वाफेचं. तळघरात एक लांबट खोली, तीत पुरुषभर उंचीची दोन यंत्रं, आणि दिवसभर घाम. शस्त्रक्रियेची हत्यारं रक्ताने माखून खाली यायची. ती धुवायची, पुसायची, एकेक भिंगाखाली धरून बघायची, कागदात बांधायची, वर तारीख आणि सही करायची आणि यंत्रात ठेवायची. एकोणतीस वर्षं तिने हे केलं. एवढ्या वर्षांत तिच्या पुडक्यामुळे कुणाची जखम चिघळली असं कधी झालं नाही. झालं असतं तर वरून दहाजण धावत आले असते. झालं नाही, म्हणून कुणीच आलं नाही.

खोलीला दोन खिडक्या होत्या, हातभर रुंद. एकीतून घाण आत यायची, दुसरीतून स्वच्छ बाहेर जायचं. लोक खिडकीशी यायचे, ती कुणाकडे जायची नाही. नियमच होता तसा. ती वर गेली तर वरचे जंतू खाली येणार. पलीकडच्या माणसाला तिचे हात दिसायचे आणि मास्कच्या वरचे डोळे. कित्येकांना ती रस्त्यात भेटली असती तर ओळखू आली नसती.

आणि खरं सांगायचं तर तिने ती नोकरी त्या मास्कसाठीच धरली होती. दोन्ही गालांवर तिला खड्डे होते. सोळाव्या वर्षी मुरुमं उठली, ती तिने नखांनी फोडली. आई कानीकपाळी ओरडत होती, तरी फोडली. पुढे लग्नाचा विषय दोनतीनदा निघाला आणि ‘कळवतो’ म्हणून गेलेले लोक अजून कळवताहेत. मग तळघरातली जागा मिळाली, मास्क चढला, आणि गालांचा प्रश्न एकोणतीस वर्षांसाठी मिटला.

निवृत्त झाली आणि मास्क उतरला. पहिल्याच सकाळी ती भाजी आणायला गेली, तेव्हा भाजीवाली आपल्याकडे बघतेय असं तिला वाटलं. आता भाजीवाली गिऱ्हाइकाकडे बघणार नाही तर काय आभाळाकडे बघणार? पण हिला कोण समजावणार. ती अर्धवट पिशवी घेऊन घरी आली. त्यानंतर जास्तीत जास्त घरातच राहायची. दोन खोल्या, एक खिडकी, आणि दारांच्या आणि खिडकीच्या कडीकोयंड्यांपर्यंत सगळं लखलखीत पुसलेलं. पुसायला काही उरलं नाही की पुन्हा पहिल्यापासून पुसायची.

तिच्या घरी येणारं माणूस एकच होतं, पडदेवाली. वरच्या मजल्यावर एकटीच राहायची, घरीच मशीन टाकून पडदे शिवायची. वाफवालीपेक्षा तेरा-चौदा वर्षांनी लहान, अंगाने भरलेली, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. जिन्यात एकदा हिची पिशवी फाटली, तिने बटाटे गोळा करून दिले, तेवढ्यावर ओळख. तेव्हापासून दुपारी चार वाजले की वरचं मशीन थांबायचं, जिन्यावर चपला वाजायच्या आणि बेल. चहा व्हायचा. पडदेवाली बिनसाखरेचा घ्यायची. कुठल्या बाईने कुठल्या खिडकीला कसला भयंकर रंग निवडला, हे ती सांगायची आणि वाफवाली ऐकायची. पाच वाजता ती उठून जायची. चार वर्षं यात खंड पडला नाही. वाफवालीचा सगळा दिवस त्या चार वाजण्याकडे तोंड करून बसलेला असायचा, पण हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची तिला सवयच नव्हती.

साठी उलटली आणि वाफवालीच्या डोक्यात गालांनी उचल खाल्ली. ती त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरणीने साफ सांगितलं की एवढे जुने, खोल खड्डे भरायचे तर दवाखान्यात लांब सुयांनी करावं लागेल, ते घरी करायचं काम नव्हे. घरी करायचंच असेल तर पाव मिलिमीटरच्या सुयांचा रोलर घ्या, त्याने कातडी जरा ताजी दिसेल, खड्डे जाणार नाहीत. फार आशा धरू नका. वाफवाली ‘बरं’ म्हणाली आणि तोच रोलर घेऊन आली. दांड्याच्या टोकाला फिरणारं छोटंसं चाक, आणि चाकावर केसासारख्या बारीक शेकडो सुया. हातात घेतल्याबरोबर तिला बरं वाटलं. पुन्हा एकदा काहीतरी हत्यार हातात आलं होतं.

मग दर तिसऱ्या रविवारी सकाळी तिच्याकडे जणू शस्त्रक्रियाच असायची. आदल्या दिवशी गाल उजेडात तपासायचे. एखादी जरी पुटकुळी, एखादा जरी ओरखडा असला तर बेत रद्द. टेबलावर धुतलेलं पांढरं फडकं. एका वाटीत सत्तर टक्क्यांचं स्पिरिट, त्यात रोलर दहा मिनिटं, मग हवेवर वाळवायचा. पुसायचा नाही, पुसला की फडक्याचे धागे सुयांत अडकतात. तोवर भिंगाखाली एकेक सुई बघायची, वाकडी दिसली तर सगळा रोलर बाद. चेहरा साध्या साबणाने धुवायचा, हात कोपरापर्यंत. मग हलक्या हाताने, उभं, आडवं, तिरकं, दर वेळी रोलर उचलून. दाबायचं नाही. रक्त काढण्यात काही मर्दुमकी नाही, गाल नुसता गुलाबी झाला की पुरे. वरून साधं मलम, दुसरं काही चोपडायचं नाही, दोन दिवस उन्हात जायचं नाही. ठरलेल्या वेळा वापरून झाला की रोलर बाद, जाड पत्र्याच्या डब्यात, आणि डब्यावर तारीख. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही, रोलरबरोबरच्या कागदावर छापलेलं होतंच. पण इतक्या निगुतीने ते जगात दुसऱ्या कुणी केलं असेल तर मला दाखवा.

चारपाच महिन्यांनी कातडीला खरंच थोडी चमक आली. पडदेवालीच्या ते लगेच लक्षात आलं. तिने खोदून खोदून विचारलं, रोलर बघितला, आणि सहज म्हणाली की माझ्याही कपाळावर काळे डाग आहेत, रविवारी तुमचं झालं की मला द्या, दोन मिनिटांत फिरवून परत करते. वाफवाली म्हणाली, नाही. पडदेवाली हसली, म्हणाली, धुऊन देईन की, वेगळा कशाला घ्यायचा. वाफवाली पुन्हा नाही म्हणाली. आता इथे नीट समजावून सांगता आलं असतं. की बाई गं, या सुया कातडीच्या आत जातात, एकीच्या अंगातलं दुसरीच्या अंगात जाऊ शकतं, स्पिरिटने सगळं मरतंच असं नाही, सख्ख्या बहिणीलाही मी दिला नसता. पण खिडकीतून एकोणतीस वर्षं माणूस जसं बोलतं तसंच ती बोलली.

“एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाता कामा नये. तुझं रक्त मला माझ्या घरात नको.”

पडदेवालीने कप खाली ठेवला. मग तिने दुसराच विषय काढला, कुणाच्या तरी दाराच्या पडद्याचा. पाच वाजता गेली. चार दिवस आणखी आली, हसली-बोलली, आणि पाचव्या दिवशी आली नाही.

सहाव्या दिवशी नाही, सातव्या दिवशी नाही. चार वाजता वाफवाली चहाचं आधण ठेवायची आणि साडेचारला ओतून द्यायची. वरचं मशीनही बंद होतं. तिला वाटलं, बाई इतकी रागावली आहे की माझ्या डोक्यावर मशीनसुद्धा चालवत नाही. एकदा जिन्यात चपला वाजल्या, दोन माणसांच्या, त्यात पडदेवालीच्या भावाचा आवाज. दारावरून गेल्या, थांबल्या नाहीत. वाफवाली दाराच्या आत उभी होती. हात कडीवर होता. कडी काढली असती तर? पण तिने नाही काढली. ज्याला हवं असेल तो येईल, हा तिचा जुना खाक्या. फरक एवढाच की तळघरात लोकांना यावंच लागायचं.

दोन आठवडे झाले आणि तिचा धीर सुटला. कशाला लपवा, ती रडली. भांडी घासता घासता रडली, आणि रडतेय हे कळल्यावर नळ मोठा केला. एका रोलरपायी आपण घरी येणारं एकुलतं एक माणूस घालवलं, असं तिला वाटलं. नवा रोलर आणून द्यावा असं मनात आलं, पण तेही पटेना; त्याचा अर्थ ‘तुझं तू वेगळं ठेव’ असाच झाला असता. द्यायचा तर आपलाच द्यायचा. मग एका सकाळी भात शिजायला लावताना तिची नजर कुकरवर गेली आणि ती थबकली. वाफ. स्पिरिटने नसेल मरत, पण दाबाखालच्या वाफेत वीस मिनिटं काय जिवंत राहतं? एकोणतीस वर्षांत काही राहिलं होतं का?

तिला नियम माहीत नव्हता असं समजू नका. जे उष्णता सोसतं ते वाफेत, जे सोसत नाही ते एकदा वापरून फेकायचं, हे तिनेच नव्या पोरींना घोकून शिकवलं होतं. आणि रोलरचं चाक प्लॅस्टिकचं होतं. तिने ते बघितलं, आणि नाही बघितल्यासारखं केलं. एकटेपणाने माणूस किती खोटं बोलतो, आणि तेही स्वतःशी!

तिने रोलर भिंगाखाली तपासला, सगळ्या सुया सरळ. जाड कागदात घडी घालून बांधला, तळघरातल्यासारखीच. निवृत्तीच्या वेळी उरलेली खुणेची पट्टी तिच्याकडे होती, वाफ लागली की जिच्या रेघा काळ्या होतात ती. पट्टी चिकटवली, तारीख घातली, सही केली. कुकरमध्ये जाळीवर ठेवलं, घड्याळ लावून वीस मिनिटं मोजली. निवल्यावर काढलं, तर रेघा काळ्याकुट्ट. तिला कितीतरी दिवसांनी हसू आलं. आधी आपल्यावर एकदा फिरवून बघू, मग पुन्हा वाफ देऊ आणि दुपारी बोलावू, असं तिने ठरवलं. कसं बोलावणार ते नव्हतं ठरवलं.

आणि इथे तिच्या हातून जी चूक झाली ती फक्त वाफेच्या खोलीतल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. वाफेतून आलेलं पुडकं तपासायला उघडायचं नसतं. उघडलं की बाटलं. ते वापरायच्या क्षणीच फोडायचं, आणि पट्टीच्या रेघांवर विश्वास ठेवायचा. तिने चेहरा धुतला, हात धुतले, पुडकं फोडलं आणि भिंग न घेता रोलर थेट गालावर टेकवून ओढला. चाक वाफेने वेडंवाकडं झालं होतं, सुया कलल्या होत्या. पाव मिलिमीटरच्या सुयांनी टोचायचं सोडून ओरबाडलं. तिला कळेपर्यंत दुसऱ्यांदा ओढूनही झालं होतं. आरशात उजव्या गालावर पाचसहा लाल रेघा उमटल्या, आणि त्यांतून बारीक थेंब.

ती घाबरली नाही. रक्ताला ती कधीच घाबरली नव्हती. स्वच्छ पाण्याने गाल धुतला, फडकं दाबून धरलं, रोलर पत्र्याच्या डब्यात टाकला. मग खुर्चीत बसली आणि तिच्या ध्यानात आलं. हा रोलर आज दुपारी आपण त्या बाईच्या कपाळावर ठेवणार होतो. आपली सही करून.

किती वेळ बसली कोण जाणे. उठली ती तशीच, गालावर फडकं धरून, दार उघडून जिना चढली. चौदा पायऱ्या. वरच्या मजल्यावरच्या दाराचा रंग तिने पहिल्यांदाच बघितला, हिरवा होता.

पडदेवालीने दार उघडलं. ती वाळली होती. तिच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि मागे मशीनवर कापड झाकलं होतं. तिने आधी हिच्या गालाकडे बघितलं आणि विचारलं, काय झालं? वाफवालीने सगळं सांगितलं. कुकरचं, पुडक्याचं, वाकड्या सुयांचं.

“तू येईनाशी झालीस म्हणून मी तुला तो देणार होते. मला दुसरं कुणी नाही. पण तुला दिला असता तर तुझं वाटोळं केलं असतं मी.”

पडदेवालीने तिला आत घेतलं. मग म्हणाली की रोलरचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं, ती काय एवढ्याशावरून रागावते? ती आली नाही ती या हातामुळे. मशीनची सुई तर्जनीत घुसून आरपार गेली, आतच मोडली. तुकडा तिने चिमट्याने ओढून काढला.

“आणि खाली का नाही आलीस?” वाफवालीने विचारलं. “मी घरात होते.”

“आले होते,” पडदेवाली म्हणाली. “तुमच्या दारापर्यंत. हाताला पडद्याचं कापड गुंडाळलं होतं, ते ठिबकत होतं. बेलवर हात ठेवला, आणि आठवलं, तुम्हाला घरात रक्त नको असतं. मग पायऱ्या पुसून घेतल्या नि परत वर आले.”

तिने हे रागाने सांगितलं नाही. रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पुढचं तिने थोडक्यातच सांगितलं. चार दिवस कापड तसंच गुंडाळून ठेवलं. बोट सुजलं, काळंनिळं झालं, भाऊ दवाखान्यात घेऊन गेला. त्यात तिला साखरेचा आजार. हाडापर्यंत पू गेला होता, नखापासूनचं टोक काढावं लागलं.

“साखर?” वाफवाली म्हणाली. “तुला साखर आहे?”

“सात वर्षं झाली की. चहा बिनसाखरेचा घेत नाही का मी तुमच्याकडे?”

चार वर्षं रोज वाफवालीने तो कप आपल्या हाताने केला होता. का, म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. आणि दोन आठवडे वरचं मशीन बंद होतं, ते तिने रोज ऐकलं होतं आणि त्याचा राग धरला होता. पहिल्या दिवशी ते बोट तिच्यासमोर आलं असतं तर तिने काय केलं असतं, हे तिला पाठ होतं: वाहत्या पाण्याखाली धर, दाबून पुसू नकोस, सुईचं टोक आत राहिलंय का ते भिंगाने बघू, आजच्या आज दवाखान्यात चल. पाच मिनिटांचं काम. चौदा पायऱ्यांवर ते काम पडून राहिलं होतं आणि ती खाली आधण ओतून देत होती.

माझं चुकलं, असं तिला म्हणायचं होतं. ते शब्द एवढ्याशा बोटापुढेही फार तोकडे वाटले.

“ड्रेसिंग कोण बदलतं?” तिने विचारलं.

“मीच. डाव्या हाताने.”

वाफवालीने पट्टीकडे बघितलं. कडेने मळली होती, गाठ सैल होती. तिने हात धुऊन येते म्हटलं आणि आत गेली. नळ कुठे, साबण कुठे, टॉवेल कुठला घ्यायचा, सगळं तिला विचारावं लागलं. पडदेवाली बाहेरून सांगत होती. वाफवालीने हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले, आणि येऊन तिच्यासमोर बसली.

जखम स्वच्छ होती, भरत होती. बोट मात्र आखूड होतं, टोकाला टाके. वाफवालीने ते आपल्या तळहातावर घेतलं, मिठाच्या उकळलेल्या पाण्याने पुसलं, नवी पट्टी बांधली. एवढ्या हत्यारांना तिने हात लावला होता, पण ती हत्यारं ज्यांच्यासाठी होती त्यांतल्या एकाही माणसाला कधी लावला नव्हता. पडदेवाली खिडकीबाहेर बघत होती.

“उद्या मी येऊ का?” वाफवालीने विचारलं.

पडदेवालीने बांधलेलं बोट वळवून बघितलं. “उद्या भाऊ येणार आहे,” ती म्हणाली. “परवा बघू.”

बरं, म्हणून वाफवाली खाली आली. परवा किती वाजता, ते विचारायचं राहूनच गेलं, आणि ‘बघू’ म्हणजे हो की नाही, तेही. दुसरा दिवस तिने कसा काढला तो तिचा तिला ठाऊक. तिसऱ्या दिवशी सकाळी आठलाच ती गालावरच्या रेघांसकट, धुतलेलं फडकं आणि पट्टीचं पुडकं घेऊन वर जाऊन उभी राहिली. बेल वाजवली. बराच वेळ काही हालचाल झाली नाही. तिला वाटलं, गेलं. पण ती परत फिरली नाही, तिथेच उभी राहिली आणि थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजवली.

पडदेवालीने दार उघडलं. केस विस्कटलेले, डाव्या हातात दात घासायचा ब्रश, तोंडात फेस. तिने वाफवालीला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ती दारातून बाजूला झाली.